डोळे आभाळाकडे, कान फोनकडे

वायुदल म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कानठळ्या बसवत जाणारी विमानं, हेल्मेट काखेत धरून उभे असलेले रुबाबदार वैमानिक… पण विमान उडण्याआधी शत्रू कुठून येतोय, हे कुणीतरी सांगायला लागतं ना? फिनलंड नावाच्या चिमुकल्या देशात ते काम केलं बायकांनी!

युरोपच्या उत्तर टोकाचा हा देश. आजही लोकसंख्या जेमतेम 56 लाख. 6 डिसेंबर 1917 ला तो रशियापासून स्वतंत्र झाला आणि तीनच महिन्यांत, 6 मार्च 1918 रोजी, त्याला पहिलं विमान मिळालं. तेही भेट म्हणून. स्वीडनच्या एरिक फॉन रोझेन या सरदाराने ते दिलं. त्याच्या पंखांवर निळं स्वस्तिक होतं! आपण दाराशी रांगोळीत काढतो तेच शुभचिन्ह. रोझेनही ते शुभ मानायचा. हिटलरच्या पक्षाने ते चिन्ह उचललं ते 1920 मध्ये, म्हणजे नंतर. तरी बदनामी व्हायची ती झालीच. 1945 मध्ये फिनलंडच्या विमानांवरून स्वस्तिक गेलं आणि 2017 मध्ये वायुदल मुख्यालयाच्या बोधचिन्हातूनही.

30 नोव्हेंबर 1939 ला सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. हेलसिंकीवर बाँब पडले. समोर दोन हजारांहून जास्त विमानं आणि यांच्याकडे शंभर-सव्वाशे. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचं. रडार तर नव्हतंच! मग चर्चचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, घरांची छपरं यांवर टेहळणीची ठाणी उभी राहिली. तिथे कितीतरी ठिकाणी 'लोट्टा' असायच्या.

'लोट्टा स्वार्ड' ही 1921 मध्ये सुरू झालेली बायकांची संघटना. सैनिकांसाठी स्वयंपाक, कपडे, शुश्रूषा ही कामं होतीच. त्यात आता आभाळाची राखण आली. उणे 30-40 अंशांच्या थंडीत पाळी करायची. विमान दिसलं की ते कोणत्या जातीचं, किती आहेत, किती उंचीवर, कुठल्या दिशेने, हे झटकन ओळखून फोनवरून केंद्राला कळवायचं. चुकून चालायचं नाही. त्यांच्या एका फोनवर गावातले भोंगे वाजायचे, लढाऊ विमानं उडायची. 1944 मध्ये हेलसिंकीवर मोठे हवाई हल्ले झाले. त्यानंतर तिथल्या सर्चलाइटवरही सुमारे दीडशे लोट्टांची तुकडी नेमली गेली.

इल्मारी युटिलायनेन या फिनिश वैमानिकाने 94 विमानं पाडली. त्याचं नाव इतिहासात आहे, असायलाच हवं. पण मनोऱ्यावर उभ्या राहिलेल्या त्या बायकांचं काय झालं?

सप्टेंबर 1944 मध्ये युद्धविराम झाला. त्यानंतर, 23 नोव्हेंबरला, लोट्टा संघटनेवर बंदी आली. तेव्हा तिच्या दोन लाखांहून जास्त सदस्या होत्या. युद्धाच्या वर्षांत सुमारे 300 जणींचा जीव गेला होता. उरलेल्यांनी गणवेश पेटीत दडवले आणि तोंडं मिटली. 'तू लोट्टा होतीस का?' हा प्रश्न टोमण्यासारखा विचारला जायचा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, 1990 नंतर, त्यांना उघडपणे मान मिळू लागला. तोवर कित्येक जणी आजी झाल्या होत्या… काही तर हे जग सोडूनही गेल्या होत्या.

वायुदलावरही बंधनं आली होती. 1947 च्या पॅरिस कराराने घालून दिलं, की 60 पेक्षा जास्त लढाऊ विमानं नकोत, माणसं 3,000 च्या वर नकोत, बाँबफेकी विमानं तर मुळीच नकोत. मग त्यांनी थोडक्यात नेटका संसार करायचं ठरवलं. 'गुणवत्ता हीच आमची ताकद' हे त्यांचं ब्रीद.

आजही पसारा आटोपशीरच आहे. मुख्यालय आणि प्रशिक्षण अकादमी टिक्काकोस्कीला. शिवाय तीन विभाग: पूर्वेला कारेलिया, उत्तरेला लॅपलंड, दक्षिणेला साताकुंता. कायमची माणसं साधारण दोन हजार, बाकी सक्तीच्या लष्करी सेवेत येणारे तरुण आणि राखीव सैनिक. विमानतळावर हल्ला झाला तर हमरस्त्यावर विमान उतरवायचं, याचाही ते नेमाने सराव करतात. 2021 मध्ये त्यांनी 64 नवी एफ-35 विमानं घ्यायचं ठरवलं आणि 4 एप्रिल 2023 ला देश नाटोत सामील झाला.

आणि बायका? पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. बायकांना 1995 पासून ती स्वेच्छेने करता येते. आता हॉर्नेटसारखं लढाऊ विमान चालवणारी बाईही तिथे आहे.

तिच्या गणवेशाकडे लोक कौतुकाने बघतात. पेटीतल्या त्या जुन्या गणवेशांच्या वाट्याला हे कौतुक यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. संकटात बाईला हाक मारायला कुणी उशीर करत नाही. मग 'तुझ्यामुळे निभावलं' एवढं म्हणायलाच इतका वेळ का लागावा?