अँटेना उभा की आडवा?

घरातल्या वायफाय राउटरकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का? पुष्कळ राउटरांना सशाच्या कानांसारखे दोन-तीन दांडे असतात. हेच त्याचे अँटेना. कुणी ते ताठ उभे ठेवतो, कुणी फाकवतो, तर कुणी केर काढताना आड येतात म्हणून सरळ आडवे पाडून टाकतो. यांतले बरोबर कोणाचे?

आधी एक सोपा प्रयोग करू. दोरीचे एक टोक खिडकीला बांधा आणि दुसरे हातात धरून वर-खाली झटका द्या. दोरीवरून उभी लाट जाईल. हात डावी-उजवीकडे हलवलात, तर आडवी लाट जाईल. रेडिओ लहरींचेही असेच आहे. लहरीतील विद्युत् क्षेत्र ज्या दिशेत मागे-पुढे होते, तिला त्या लहरीच्या ध्रुवणाची दिशा म्हणतात. उभ्या अँटेनात इलेक्ट्रॉन वर-खाली धावतात, म्हणून त्यातून उभ्या ध्रुवणाची लहर निघते.

हे पहिल्यांदा दाखवले हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी, १८८८ साली, जर्मनीतील कार्ल्सरूह येथे. त्यांनी एका चौकटीवर तांब्याच्या समांतर तारा ताणल्या. तारा विद्युत् क्षेत्राला समांतर धरल्या की लहर अडे. चौकट काटकोनात फिरवली की ती पार जाई! असे का व्हावे? समांतर तारांत इलेक्ट्रॉनांना लांबवर धावता येते आणि लहर परतवली जाते. आडव्या तारांत त्यांना धावायला जागाच नसते. पुढे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तर तागाचे पिळलेले जुडगे वापरून ध्रुवणाची दिशा वळवून दाखवली.

लहर पकडणाऱ्या अँटेनालाही हाच नियम लागू आहे. लहरीचे ध्रुवण आणि अँटेना एका दिशेत असले, तर पूर्ण शक्ती मिळते. त्यांच्यात ४५ अंशांचा कोन असला तर निम्मी, ६० अंशांचा असला तर पाव आणि ९० अंशांचा असला तर, निदान कागदावर, शून्य! पूर्वी गच्चीवरच्या दूरदर्शनच्या अँटेनाच्या कांड्या आडव्या असत, त्या उगाच नव्हेत. प्रक्षेपणाचे ध्रुवणच आडवे होते.

मग राउटरचे सारे दांडे उभे ठेवले की झाले? थांबा. उभ्या अँटेनाभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात. वडा ताटात ठेवलेला आणि दांडा त्याच्या भोकात उभा, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. चहूबाजूंना भरपूर लहरी. पण भोकाच्या दिशेला, म्हणजे दांड्याच्या टोकाकडे, जवळजवळ काहीच नाही. राउटरच्या बरोबर वरच्या खोलीत अभ्यासाला बसणाऱ्या ताईची तक्रार खरी असू शकते ती यामुळे!

शिवाय मोबाइल आपण कसाही धरतो. भिंती आणि लोखंडी कपाटे यांवर आपटून लहरींचे ध्रुवणही बदलते. त्यामुळे घरात शक्ती सहसा अगदी शून्यावर येत नाही. पण कमीजास्त मात्र नक्की होते.

तेव्हा निवड घर पाहून करावी. सारे घर एकाच मजल्यावर असेल, तर दांडे उभे ठेवून राउटर मधोमध आणि थोडा उंचावर ठेवा. दोन मजले असतील, तर एक दांडा उभा व एक आडवा करा. फोन कसाही धरला तरी एकाशी त्याचे जुळेल. मात्र आडव्या दांड्याचे टोक जिकडे, तिकडे त्याच्या लहरी क्षीण होतात. म्हणून ते टोक जिथे कुणी बसत नाही, अशा बाजूला वळवा.

आता खरे-खोटे स्वतःच पडताळा. सिग्नलची शक्ती डीबीएममध्ये दाखवणारे एखादे अ‍ॅप मोठ्यांच्या मदतीने फोनवर घ्या. फोन टेबलावर एका जागी ठेवा, दूर उभे राहा आणि दांड्यांच्या प्रत्येक स्थितीत दहा नोंदी घेऊन सरासरी काढा. आकडे ऋण असतील. वजा ५० हे वजा ६० पेक्षा सरस. ३ चा फरक म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, १० चा म्हणजे दहापट. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. म्हणून फोन वीतभर सरकवला तरी आकडा बदलेल. जागा बदलू नका!

तुमच्या घरात कोणती मांडणी जिंकली? वहीत तक्ता करा आणि ताईलाही दाखवा.