बर्फ कुठे धरलाय, ते आधी बघा

मे महिना संपत आलेला असतो. बोरीवलीतल्या घराघरांत फ्रीझर काठोकाठ भरलेला असतो: आमरसाचे डबे, थंडीत सोलून ठेवलेले मटार, आणि १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून आधीच साफ करून ठेवलेली सुरमई. नेमकी तेव्हाच एका सकाळी दुधाची पिशवी हाताला कोमट लागते आणि घरातला पहिला शब्द असतो, ‘गॅस गेला!’ फोनवरचा मेकॅनिकही पुष्कळदा फ्रिज न बघताच तेच म्हणतो. काही हजारांचा आकडा ठरतो, सिलिंडर घेऊन माणूस येतो आणि महिन्याभरात दूध पुन्हा नासतं.

फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. सीलबंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवल्याशिवाय नवा गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. म्हणून गॅसचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. त्याआधी तपासण्यासारखं खूप काही असतं, आणि त्यातलं बरंचसं घरच्या माणसालाही कळतं.

फ्रिजचं काम हमालीचं आहे. आतली उष्णता उचलायची आणि स्वयंपाकघरात आणून टाकायची. विक्रोळीच्या गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनवायला घेतले तेव्हापासून आजपर्यंत गॅस बदलले, दारं वाढली, पण हे काम तेच राहिलं. ओझं टाकायला जागाच नसेल तर हमाल करणार काय? जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असायची. आताच्या बहुतेक फ्रिजमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून पत्रा गरम लागतो. पुष्कळजण त्यानेच घाबरतात. पत्रा गरम लागणं हे उष्णता बाहेर पडत असल्याचं लक्षण आहे.

खरी अडचण जागेची. गोराई आणि शेजारच्या चारकोपमध्ये ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने छोटे छोटे भूखंड पाडून वसाहती उभ्या राहिल्या. अशा आटोपशीर घरात फ्रिज भिंत आणि कपाटाच्या बेचक्यात बसतो, वर डबे चढतात, मागे जळमटं धरतात. उन्हाळ्यात अशा फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि आत गारवाही येत नाही. प्लग काढून फ्रिज पुढे ओढला, मागची धूळ ब्रशने झाडली आणि चार बोटं जागा सोडली, तर कित्येकदा मेकॅनिकला बोलवावंच लागत नाही.

एवढं करूनही दूध कोमटच असेल तर बर्फ वाचायला शिकावं. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वर मटार दगडासारखे आणि खाली दूध नासलेलं, असं असेल तर गॅस शाबूत असण्याची शक्यता जास्त. गारवा तयार होतोय, खाली उतरत नाही. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड गार नळ्या आणि पंखा असतो. त्या नळ्यांवरचा बर्फ ठरावीक वेळाने वितळवायला छोटा हीटर असतो. हीटर, सेन्सर किंवा टायमर गेला की बर्फाची भिंत उभी राहते आणि हवेची वाट अडते. फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दारं उघडी ठेवून पुरता दिवसभर तसाच राहू द्यावा. खाली फडकी अंथरावीत, पाणी बरंच येतं. त्यानंतर फ्रिज आठवडाभर उत्तम चालला आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर मेकॅनिकला थेट ‘डीफ्रॉस्ट बघा’ असं सांगावं. आणि पंखाही तपासायला लावावा.

एका दाराच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर अखंड चालतोय, पण फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात वीतभर जागेत बर्फ आणि बाकी पत्रा कोरडा, असं दिसलं तर मात्र गॅस कमी झाल्याचा संशय रास्त. गळतीचं एक कारण तर घरातच असतं: सुरी. चिकटलेली बर्फाची वडी सुटेना म्हणून सुरीचं टोक घुसवलं जातं आणि पत्र्यातल्या नळीला भोक पडतं. ‘फुस्स’ असा आवाज येतो तो गॅस निघून गेल्याचा. आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला तो घातक नाही, पण पेट घेणारा आहे. अशा वेळी बटणं न चाळवता खिडक्या उघडाव्यात, शेगडी पेटवू नये.

आवाजही बोलतो. दर काही मिनिटांनी ‘टक्’, क्षणभर घुरघुर, पुन्हा ‘टक्’: कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय आणि उठत नाहीये. व्होल्टेज कमी असेल, नाहीतर कॉम्प्रेसरला जोडलेला छोटासा रिले गेला असेल. तो बदलून न बघता ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणणाऱ्याचं लगेच मान्य करू नये. आत दिवा लागतोय पण आवाजच नाही, तर आधी थर्मोस्टॅट तपासायला सांगावं.

पावसाळ्यात दाराचं रबर गुन्हेगार ठरतं. खाडीकाठची दमट हवा फटीतून आत शिरते, तिचं पाणी होतं, पाण्याचा बर्फ होतो. दारात दहाची नोट अडकवून ओढून बघावी. सहज निसटली तर रबर सैल आहे. साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यावर ते बऱ्याचदा पुन्हा नीट बसतं.

आणि बिघाड फ्रिजचा नसेल तर? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि काही भागांत कित्येक तासांनी परतली. अशा वेळी दार बंद ठेवलं तर खालचं अन्न साधारण चार तास सुरक्षित राहतं आणि गच्च भरलेला फ्रीझर जवळपास दोन दिवस टिकतो. दर दहा मिनिटांनी दार उघडून बघणारा माणूसच तो हिशेब बिघडवतो. वीज गेल्या गेल्या प्लग काढावा आणि वीज परतल्यावर पाचेक मिनिटं थांबून मगच लावावा, म्हणजे नळ्यांमधला दाब समान होतो आणि कॉम्प्रेसर ओझ्याशिवाय उठतो. सुरमईच्या पिशवीतला बर्फ तेव्हाही हाताला खडखडीत लागला, तर ती पुन्हा गोठवायला हरकत नाही. पूर्ण मऊ पडून कोमट झाली असेल तर मात्र ती टाकून द्यावी.