वेबपानावरील चित्र आणि मजकूर

चित्राच्या कडेनें मजकूर वळवून घेण्याची रीत छापखान्यांत जुनी आहे. जुळारी चित्राचा ठसा एका बाजूस बसवी आणि शेजारच्या तेवढ्या ओळी आंखूड जुळवी. छापील पानाची रुंदी ठरलेली असल्यामुळें हें काम एकदां केलें कीं पुरे होई. वेबपानाची गोष्ट निराळी आहे. तें कोणाच्या मोठ्या पडद्यावर उघडतें, तर कोणाच्या हातांतील फोनवर. आणि प्रत्येक ठिकाणीं ओळी निराळ्या तुटतात. म्हणून तेथें ओळी मोजून न ठेवतां नियम सांगून ठेवावा लागतो. असे नियम सांगण्याची भाषा म्हणजे सीएसएस होय. हाकोन विउम ली यांनीं १९९४ सालीं तिची कल्पना मांडली. त्यांनीं व बर्ट बॉस यांनीं सिद्ध केलेली पहिली आवृत्ति डिसेंबर १९९६ मध्यें प्रसिद्ध झाली. ‘फ्लोट’ आणि ‘क्लिअर’ हे नियम तेव्हांपासूनचे आहेत.

कोणताहि नियम न दिल्यास परिच्छेदांतील चित्र एखाद्या मोठ्या अक्षराप्रमाणें ओळींत बसतें. त्याच्या शेजारीं एकच ओळ येते व वरची जागा रिकामी राहते. त्यास ‘फ्लोट: लेफ्ट’ असें सांगितलें, म्हणजे तें डाव्या कडेस जातें आणि ओळी त्याच्या उजव्या बाजूनें वाहूं लागतात. ‘राइट’ म्हटल्यास याच्या उलट होतें. मात्र आंखूड होतात त्या केवळ ओळी. परिच्छेदाची चौकट पूर्वींइतकीच रुंद राहते. चौकटीस रंग दिला, तर तो चित्राच्या मागेंहि पसरलेला आढळतो.

आतां ‘क्लिअर’ कशास हवा, तें पाहूं. समजा, एका पानावर गोविंद व मेरी या विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें एकाखालीं एक, ‘फ्लोट: लेफ्ट’ करून दिलीं आहेत आणि प्रत्येकाशेजारीं त्याची माहिती आहे. गोविंदाची माहिती दोनच ओळींची. ती त्याच्या छायाचित्राच्या उंचीस पुरत नाहीं. उरलेल्या जागेंत मेरीचें छायाचित्र गोविंदाच्या छायाचित्रास खेटून बसतें, आणि तिची माहिती त्यापुढें सुरू होते. मग कोणती माहिती कोणाची, हें वाचणारास कळेनासें होतें. ब्राउझरनें आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. उणीव आपल्या सांगण्यांत असते. मेरीच्या छायाचित्रास ‘क्लिअर: लेफ्ट’ हा नियम जोडला, कीं तें गोविंदाच्या छायाचित्राच्या खालीं सुरू होतें. दोन्ही बाजू मोकळ्या हव्या असल्यास ‘बोथ’ म्हणावें. लक्षांत ठेवावयाचें तें हें, कीं हा नियम आधींच्या चित्रास नव्हे, तर ज्याचा आरंभ खालून व्हावयाचा त्यास लावावा.

आणखी एक अडचण येते. तरंगणारें चित्र बाहेरील चौकटीच्या उंचींत मोजलें जात नाहीं. त्यामुळें चौकटीची रेघ मजकुराबरोबर संपते आणि चित्र खालीं लोंबतें. चौकटीस ‘डिस्प्ले: फ्लो-रूट’ असें सांगितल्यास ती चित्रास पोटांत घेते.

अनेक वर्षें संपूर्ण पानाचे स्तंभहि ‘फ्लोट’नेंच बसवीत असत, कारण दुसरें सोईचें साधन नव्हतें. परंतु स्तंभांची एकूण रुंदी जागेहून थोडी जरी अधिक झाली, तरी शेवटचा स्तंभ खालीं घसरे. पुढें फ्लेक्सबॉक्स आलें, आणि २०१७ सालीं ग्रिडहि प्रमुख ब्राउझरांत आलें. त्यामुळें तें ओझें ‘फ्लोट’वरून उतरलें. स्तंभ त्यांच्याकडून बसवावे, आणि चित्राभोंवतीं मजकूर वळविण्याचें काम ‘फ्लोट’कडून घ्यावें. तें घेतांना प्रत्येक नव्या विभागाच्या आरंभीं ‘क्लिअर’ आहे कीं नाहीं, हें पाहावें. आणि पान मोठ्या पडद्यावर व फोनवर, अशा दोन्ही ठिकाणीं उघडून तपासावें. ज्याचें चित्र, त्याच्याच शेजारीं त्याचें नांव राहिलें, म्हणजे मांडणी साधली.