जूनच्या भाज्या, ऑगस्टचा महोत्सव

रानभाजी महोत्सवात शिरलं की आधी नजर जाते ती ताटांवर. लांबलचक टेबलं, त्यावर पांढरं कापड, ओळीने मांडलेल्या स्टीलच्या ताटल्या आणि प्रत्येकीपुढे नावाची चिठ्ठी: टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, दिंडा, करटोली, अंबाडी. कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला राज्यभर हे महोत्सव भरवायला सुरुवात केली. पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात तालुक्याच्या गावी भरणाऱ्या अशा महोत्सवांना मी आवर्जून जाते. फीत कापली जाते, भाषणं होतात, छायाचित्रं निघतात. खरं बघण्यासारखं असतं ते टेबलांच्या मागे, जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या बायकांपाशी.

त्या सकाळीच पोचलेल्या असतात. कुणी पहिल्या एसटीने, कुणी जीपमध्ये दाटीवाटीने बसून. भाजी आदल्या दिवशी संध्याकाळी खुडलेली असते, नाहीतर त्याच पहाटे. पाल्याच्या जुड्या सागाच्या पानांत गुंडाळून वेलाने बांधलेल्या. सागाचं रुंद पान ओल धरून ठेवतं, शिवाय हवाही खेळती राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोच पाला दुपारपर्यंत तापून काळा पडतो. हे त्यांनी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. त्यांच्या आया असंच बांधत आल्या.

एका मावशींच्या शेजारी मी बराच वेळ बसले. त्या वास्ते चिरत होत्या. वास्ता म्हणजे बांबूचा जमिनीतून नुकताच वर आलेला कोंब. बुंध्याशी जाड, टोकाला निमुळता, अंगावर एकावर एक चढलेली सालपटं आणि त्या सालपटांवर बारीक कूस. ही कूस बोटात गेली की दिवसभर हुळहुळते, म्हणून मावशी आधी ओल्या फडक्याने कोंब पुसून घेत. मग सालपटांना विळीवर वरपासून खालपर्यंत एकच उभी चीर. अंगठा घालून ओढलं की पाच-सहा थर एकदम सुटून येत आणि आत फिकट पिवळा, गुळगुळीत गाभा दिसे. बुंध्याकडचा भाग त्या नखाने दाबून बघत. नख रुतलं तर घ्यायचा, नाही रुतलं तर तो जून झाला, बाजूला. उरलेल्याच्या आधी पातळ चकत्या, मग चार-पाच चकत्या एकावर एक ठेवून त्यांचा बारीक कीस. विळीवर नजर जवळजवळ नव्हतीच. त्या माझ्याशी बोलत होत्या आणि हात आपलं काम करत होते.

शेजारच्या पातेल्यात आदल्या दिवशीचा कीस भिजत होता. रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात चांगला उकळायचा, तेही पाणी फेकायचं आणि मगच फोडणीला टाकायचा. यातली एकही पायरी गाळायची नाही. बांबूच्या कच्च्या कोंबात पोटात गेल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, तोंडाला लागणारा कडवटपणा त्याचाच. भिजवून, उकळून, पाणी टाकून ते निघून जातं. मावशींनी सायनाइडचं नाव घेतलं नाही. त्यांनी कीस चिमटीत धरून जिभेला लावला, मान हलवली आणि म्हणाल्या, ‘अजून एक पाणी लागेल.’

एका बेटातले किती कोंब काढता, असं मी विचारलं. ‘सगळे काढले तर पुढे बांबू कुठून येईल?’ एवढंच उत्तर आलं. दाटीत आलेले, वाकडे कोंब काढायचे आणि जोमदार असेल तो वाढू द्यायचा. फोडशीचंही तसंच. पहिल्या पावसानंतर गवतासारखी दिसणारी ही भाजी सफेद मुसळीच्या कुळातली, हिचा जीव जमिनीखालच्या कंदात. पाड्यावरच्या बायका पाती तेवढी कापून घेतात, कंद जागेवर राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. रानभाजीची नवी हौस लागलेली माणसं सुट्टीच्या दिवशी गाड्या काढून येतात आणि हीच भाजी मुळासकट उपटून नेतात. दोन-तीन पावसाळे असं झालं की त्या उतारावर नुसतं गवत उरतं.

आता तारखेविषयी, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे. रानभाज्या एकदम येत नाहीत, त्यांची रांग असते. पावसाच्या तोंडावर, पानं फुटायच्याही आधी, शेवळं जमिनीतून वर येतात आणि जून सरता सरता संपतात. त्यांच्या पाठोपाठ टाकळा, पण तो कोवळा असतो पहिल्या पावसानंतरचे जेमतेम दोन-तीन आठवडे. मग फोडशी, कुर्डू, भारंगीची पानं. करटोली आणि वास्ते जुलै-ऑगस्टमध्ये भरात. म्हणजे ९ ऑगस्टला टाकळा गुडघ्याच्या वर गेलेला आणि निबर झालेला असतो, फोडशी सरत आलेली असते आणि शेवळाचा पत्ता नसतो. तरी चिठ्ठी असते म्हणून ताटात टाकळा येतो. त्याची चरबट पानं चावून एखादी शहरी पाहुणी मनात ठरवून टाकते की रानभाजी म्हणजे हे असंच काहीतरी.

महोत्सवाला मुकणारं शेवळ तर या सगळ्यांत जास्त कसबाचं. सुरणाच्या कुळातलं हे फूल. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे नीट न केलेली भाजी घशाला अशी खाजते की पाणीही गिळवत नाही. वरचं आवरण सोलायचं, दांड्याच्या तळाशी असलेला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर भरपूर परतायचं आणि काकडाच्या आंबट रसात शिजवायचं. काकड म्हणजे काकडी नव्हे, एका जंगली झाडाची ही लहान, हिरवी, आंबट फळं. शेवळ विकणारी बाई त्याच टोपलीतून काकडंही देते. मुंबई-ठाण्याच्या सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळाची वर्षभर वाट पाहतात, त्यात खिमा किंवा कोलंबी घालतात. या जुड्यांची मागणी दादर-ठाण्याच्या बाजारापर्यंत पोचलेली आहे. ज्या भाजीला घरातल्या घरात इतकं मानाचं स्थान आहे, तिला सरकारी महोत्सवात जागा नाही, कारण कॅलेंडरची आणि पावसाची गाठ पडत नाही.

दुसरी गोष्ट फलकांची. जवळजवळ प्रत्येक भाजीपुढे रोगांची यादी टांगलेली असते: अमुक मूतखड्यावर, तमुक मधुमेहावर, आणखी एक सांधेदुखीवर. हे फलक काढून टाकावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाड्यावर कुर्डू खातात तो मूतखडा विरघळावा म्हणून नाही. तो दाराशी उगवतो, नाचणीच्या भाकरीबरोबर चांगला लागतो आणि कणगीतलं धान्य तळाला गेलेलं असतं त्या महिन्यांत फुकट मिळतो म्हणून खातात. अन्नाला अन्न म्हणून मान मिळाला पाहिजे. त्या फलकाच्या जागी ‘कशी निवडावी, किती शिजवावी, काय घालू नये’ असं लिहिलं तर घरी जुडी घेऊन जाणाऱ्या माणसाच्या पोटाचीही काळजी घेतली जाईल.

पाककृती स्पर्धांत भारंगीचे कटलेट आणि करटोल्याचं मंचुरियन असतं. मुलींनी मेहनतीने केलेलं असतं, चवही बरी असते, पण सॉस आणि मैद्याखाली भारंगीचा कडसर वास पार हरवतो. तिथेच वालाच्या डाळीतली साधी भारंगी होती. तिला बक्षीस मिळायला हवं होतं.

या महोत्सवाचं नाव रानाचं असलं तरी त्यातलं निम्मं शेतातलं असतं, हे लक्षात घ्यायला हवं. कुर्डू, टाकळा, माठ, घोळ ही बांधावरची, पडीक तुकड्यातली, पिकात उगवणारी मंडळी. नाचणी-वरईची निंदणी करताना बाई जे उपटते त्यातलं अर्धं बांधावर पडतं आणि अर्धं पदरात जातं, संध्याकाळच्या कालवणाला. एका शेतकऱ्याने सांगितलं की त्याच्या शेजाऱ्याने बांधावर तणनाशक मारल्यापासून तिथे टाकळा उगवलेला नाही. कृषी विभाग एका हाताने हा महोत्सव भरवतो, तर त्याच मांडवात तणनाशकाबद्दल चार शब्द बोलायला हरकत नसावी.

करटोली तर आता लागवडीची झाली आहेत. त्यांच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. बियांपासून रोप केलं तर फूल येईपर्यंत कोणता वेल कोणता ते कळत नाही, म्हणून जाणता शेतकरी ओळख पटलेल्या वेलांचे कंदच लावतो, मादी वेल जास्त आणि मध्ये मध्ये एखादा नर. ही माहिती मला एका कोपऱ्यातल्या तरुण शेतकऱ्याकडून मिळाली. मंचावर दोन तास भाषणं चालली होती, त्यात त्याला दहा मिनिटं मिळाली असती तर ऐकणाऱ्या पन्नास जणांच्या कामाला आली असती.

२००६ च्या वन हक्क कायद्याने जंगलातली गौण उपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्यांना दिला आहे. बांबूही त्यात येतो. तेव्हा गोणपाटावर बसलेली मावशी तिथे पाहुणी म्हणून आलेली नसते, ती मालकीण असते. तिला खुर्ची द्यावी, मंच द्यावा, एसटीचं भाडं द्यावं आणि तिने सांगितलेला भाव द्यावा.

कृषी विभागाला माझी विनंती आहे: ऑगस्टचा महोत्सव चालू ठेवा, पण एक दिवस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवा, शेवळ, कोवळा टाकळा आणि पहिल्या फोडशीसाठी. ताटं कमी मांडा, विळ्या जास्त. आणि वाचकांनो, तुम्ही जाल तेव्हा सकाळी दहाच्या आत जा, घासाघीस करू नका, आणि जुडी घेताना ती निवडायची कशी, शिजवायची कशी हे विकणाऱ्या बाईलाच विचारा. ओळख पटल्याशिवाय रस्त्याकडेचं काहीही खुडून घरी शिजवू नका.