महासंगणकाचे विद्यार्थी

१९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हापासून यंत्रांच्या सामर्थ्याचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु ती यंत्रे ज्यांच्यासाठी उभारावयाची त्या संशोधकांच्या तयारीचा विचार त्या मानाने थोडाच झाला. २०१५ साली केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांची तरतूद करून मंजूर केलेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत मात्र माणसे शिकवून तयार करण्याचे कलम आवर्जून घातले गेले, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी खरगपूर, मद्रास, पालक्काड व गोवा येथील आयआयटींमध्ये प्रशिक्षणाची केंद्रे निघाली.

अशा वर्गांत रसायनज्ञ, हवामानशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ शेजारी शेजारी बसतात. त्यांना प्रथम उमगावे लागते ते हे, की एकाच प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम हजार प्रोसेसरांच्या यंत्रावर चढवला, तरी तो एकावरच चालतो आणि बाकीचे ९९९ स्वस्थ राहतात. काम वाटून देता आले, तरी त्यालाही सीमा आहेच. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार, कामाचा ५ टक्के भाग जरी एकामागून एक असाच करावा लागत असला, तरी प्रोसेसर कितीही जोडले असता वेग २० पटींपलीकडे जात नाही. कारण दहा तासांच्या कामातला तो अर्धा तास केवळ प्रोसेसर वाढवून आटत नाही.

हा अविभाज्य अंश प्रत्येक शास्त्रात निराळ्या ठिकाणी दडलेला असतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीकडून येणाऱ्या संकेतांचे पुष्कळसे काम वारंवारतेनुसार तुकडे पाडून स्वतंत्रपणे करता येते. मान्सूनच्या गणितात वातावरणाच्या प्रत्येक चौकटीला पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी शेजारच्या चौकटीतील वारा व तापमान विचारावे लागते. आणि रेणूंच्या अभ्यासात तर विद्युत्प्रभारित अणूंचा परस्परांवरील प्रभाव दूरवर पोहोचत असल्याने वाटणीचा हिशेबच बिकट होतो. कोणता दुवा तोडल्यास निष्कर्षाला बाध येणार नाही, हे केवळ संगणकतज्ज्ञ सांगू शकत नाही. ते त्या विषयाच्या अभ्यासकानेच ठरवावे लागते.

म्हणूनच केवळ आज्ञावली पाठ करून घेणारे प्रशिक्षण अपुरे ठरते. विद्यार्थ्याने स्वतःचाच प्रोग्रॅम वर्गात आणावा, त्याचा वेळ नेमका कोठे जातो ते मोजावे आणि मगच त्याची फोड करावी, हा मार्ग अधिक हिताचा. कारण त्या ५ टक्क्यांचे जर त्याने २ टक्के केले, तर वेगाची मर्यादा २० पटींवरून ५० पटींवर जाते. आणि एवढा लाभ यंत्रात आणखी हजार प्रोसेसर घालूनही पदरात पडत नाही.