पहिला रोजा, पहिला फोटो आणि विसरलेली परवानगी

रमजानमध्ये घरातले सहा-सात वर्षांचे मूल पहिला रोजा धरते, तो दिवस त्या घरासाठी ईदच असतो. मुलाच्या अंगावर नवे कपडे, गळ्यात हार. दुपारनंतर त्याचे सुकलेले ओठ पाहून दादीच्या जिवाची घालमेल सुरू होते. मगरिबच्या अजानीला पहिली खजूर तोंडात पडली की साऱ्या घराला हायसे वाटते. या सोहळ्याला ‘रोजाकुशाई’ म्हणतात. त्या संध्याकाळी नातेवाईक येतात, शेजारपाजारचेही येतात. मग ते कोणत्याही धर्माचे असोत.

अलीकडे या सोहळ्यात एका गोष्टीची भर पडली आहे. हार घातलेल्या मुलाचा फोटो निघतो आणि इफ्तारचा दस्तरखान उचलायच्या आत तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जातो. खाली मजकूर असतो: मुलाचे पूर्ण नाव, वय, वडिलांचे नाव, शाळा, इयत्ता, मोहल्ला. मामू तो फोटो आपल्या ग्रुपवर टाकतात, खाला त्यांच्या ग्रुपवर. कुणी तो वर्तमानपत्राकडेही पाठवतो आणि ‘चिमुकल्याचा पहिला रोजा’ म्हणून तो छापूनही येतो.

कौतुकात वावगे काहीच नाही. पण तो फोटो एकदा परक्याच्या नजरेने पाहावा. एखाद्या अनोळखी माणसाला त्या मुलाशी ओळख काढायची असेल, तर लागणारी सारी माहिती त्या चार ओळींत आहे. शाळा सुटताना कुणी त्याला नावाने हाक मारून, वडिलांचेही नाव घेऊन, “चल, अब्बांनी मला पाठवलंय,” म्हणाला, तर सात वर्षांचे मूल विश्वास ठेवणार नाही का? आणि ज्याचा तो फोटो आहे, त्या मुलाला “हा सगळ्यांना दाखवू का?” असे कुणी विचारलेलेच नसते.

एक फोन, सारे घर

परभणीहून मानवत रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेडगाव हे छोटे स्थानक आहे. पेडगाव असो, पाथरी असो की परभणी शहरातला एखादा मोहल्ला, मोबाईलच्या बाबतीत बहुतेक साध्या घरांची स्थिती सारखीच असते. चांगला स्मार्टफोन एकच असतो आणि तो साऱ्यांचा असतो. दिवसभर तो वडिलांच्या खिशात असतो. संध्याकाळी ते कामावरून परतले की मुलांच्या हातात जातो. रमजानमध्ये तर असरनंतर घरातल्या बायका पकोडे, फळे, शरबताच्या गडबडीत असतात. तेव्हा लहानग्याला गप्प बसवायचा सोपा उपाय एकच: “ये ले मोबाईल, पर तंग मत कर.” शेजारच्या घरात हेच वाक्य मराठीत ऐकू येते: “हा घे मोबाईल, पण मला स्वयंपाक करू दे.”

‘मुलासाठी वेगळा फोन, वेगळे खाते ठेवा’ असा सल्ला शहरातले तज्ज्ञ देतात. तो चुकीचा नाही, पण या घरांना तो पुरत नाही. इथे मुलाच्या हातातल्या फोनमध्येच बँकेचा ओटीपी येतो, आधार कार्डाचा आणि सातबाऱ्याचा फोटो असतो, पीक विम्याची पावती असते, घरातल्या मुलीबाळींचे लग्नातले फोटो असतात. मूल त्यात एक गाड्यांचा खेळ उतरवून घेते. खेळ विचारतो: फोटो पाहू का? संपर्क वाचू का? तुम्ही कुठे आहात ते कळू दे का? मुलाला लवकर खेळायचे असते. ते प्रत्येक वेळी ‘अलाऊ’ दाबते. सात वर्षांच्या बोटाने साऱ्या घराच्या वतीने परवानगी दिलेली असते.

भोंगा वाजतो, पण…

मुले आणि मोबाईल या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या गावांनी स्वतःहून काही उपाय केले आहेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा बोलायचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सीच्या ग्रामसभेने तर १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरायला बंदी करण्याचा ठराव केला.

रमजान पाळणाऱ्यांना ठरल्या वेळी सारे घर एकत्र थांबण्याची ही कल्पना परकी वाटणार नाही. महिनाभर रोज तेच घडत असते. पण भोंगा असो की बंदी, दोन्ही उपाय ‘किती वेळ’ या प्रश्नाचे उत्तर देतात. फोन हातात असतो तेव्हा मुलाचे काय काय बाहेर जाते, हा प्रश्न उरतोच. दिवसातून फक्त दहा मिनिटे खेळणारे मूलही घरातली सारी फोनवही एखाद्या ॲपच्या हवाली करू शकते. पालक वेळ मोजतात, परवानगी तपासत नाहीत.

फुकट ॲपची किंमत

बरीचशी ॲप फुकट मिळतात, कारण त्यांची कमाई जाहिरातींतून होते. कोण काय पाहतो, कुठे थांबतो, कशावर बोट ठेवतो याची नोंद जितकी बारीक, तितकी जाहिरात नेमकी. मुलांच्या बाबतीत हे किती दूर जाते याचा अंदाज एका प्रकरणावरून येतो. पालकांची संमती न घेता मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये अमेरिकेत गुगल आणि यूट्यूब यांना १७ कोटी डॉलर भरावे लागले. मुलांची गाणी आणि खेळण्यांचे व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या मागावर जाहिराती होत्या, असा तो मामला होता.

‘खेळ नको, अभ्यासाचे ॲप चालेल’ असेही अनेक पालक म्हणतात. तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. टाळेबंदीत गावोगावच्या मुलांनी ‘दीक्षा’ या सरकारी ॲपवरून धडे गिरवले. त्या ॲपच्या नोंदींपैकी जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाखांहून अधिक शिक्षकांची माहिती इंटरनेटवर कुलूप न लावता पडून होती, असे ‘वायर्ड’ या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केले. हेतू चांगला असला तरी माहिती गळू शकते. म्हणून जी द्यायची गरज नाही, ती माहिती न देणे हेच पहिले शहाणपण.

दुसरा धोका कर्ज देणाऱ्या ॲपचा. मूल ती वापरत नाही, पण फोन तोच असतो. अशा काही ॲपनी लोकांच्या फोनमधले संपर्क आणि फोटो उचलून, वसुलीसाठी नातेवाइकांपुढे बदनामीच्या धमक्या दिल्या. अखेर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधले फोटो, संपर्क आणि कॉलची यादी पाहायला मनाई केली. तरीही बनावट ॲप येत राहतात. त्यांच्या हाती लागणाऱ्या फोटोंत मुलांचे फोटोही असतात.

आधी दार वाजवा

खासगीपणा ही शहरातली, इंग्रजी शिकलेल्यांची चैन आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती आपल्या गावांची जुनी रीत आहे. कुणाच्या घरी गेले की कडी वाजवायची, “आहेत का घरात?” म्हणून हाक द्यायची, आतून आवाज आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कुरआनातल्या ‘नूर’ या सूरहमध्ये हीच शिकवण आहे: दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय शिरू नये. तिथे घरातल्या लहान मुलांनाही पहाटे, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि रात्री ईशानंतर मोठ्यांच्या खोलीत विचारून येण्याची सवय लावायला सांगितले आहे. म्हणजे ‘विचारून आत येणे’ ही गोष्ट मूल घरातच आणि लहानपणीच शिकते. फोनमधला ‘अलाऊ’ हा शब्द हाच प्रश्न विचारतो. फरक एवढाच, की इथे परका दारात उभा असतो आणि दार मूल उघडते.

देशाचा कायदाही आता याच दिशेने आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला ‘बालक’ मानले आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे हा कायदा सांगतो. या जबाबदाऱ्या मोडणाऱ्याला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. कायदा पालकाची संमती मागतो हे चांगलेच. पण कशाला संमती देतो आहोत हे पालकालाच ठाऊक नसेल, तर ती संमती नावापुरतीच राहील.

असर ते मगरिब: चार कामे

त्यासाठी संगणकाचा अभ्यास लागत नाही. इफ्तारपूर्वीचा अर्धा तास पुरतो. मुलाला शेजारी बसवून केले तर अधिक चांगले.

पहिले काम परवानग्यांचे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘ॲप्स’खाली ‘परमिशन मॅनेजर’ असतो. कोणत्या ॲपला कॅमेरा, माइक, संपर्क, ठिकाण दिसते, याची यादी तिथे मिळते. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: याला हे कशाला हवे? नकाशाला ठिकाण लागते, गाड्यांच्या खेळाला संपर्क कशाला? नको तिथे ‘डोन्ट अलाऊ’ करावे. हवे तिथेही ‘फक्त ॲप वापरताना’ हा पर्याय निवडावा. जे ॲप कुणीच वापरत नाही, ते काढून टाकावे.

दुसरे काम पैशांचे. बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे. पिन मुलांना सांगू नये, त्यांच्यासमोर टाकूही नये. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करून ठेवावी. ईदी आता फोनवरूनही येते. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे मुलाला आणि दादीलाही एकदा समजावून सांगावे. ‘ईदी मिळवण्यासाठी लिंक दाबा’ असा संदेश कुणाच्याही नावाने आला तरी दाबू नये.

तिसरे काम फोन हातात देण्याचे. अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ची सोय असते. तिने एक ॲप पडद्यावर अडकवून फोन दिला की कुलूप उघडल्याशिवाय मुलाला दुसरीकडे जाता येत नाही. लहान मुलांसाठी साध्या यूट्यूबऐवजी ‘यूट्यूब किड्स’ लावावे. प्ले स्टोअरमध्ये वयाची मर्यादा पिन टाकून ठरवता येते. खेळात अनोळखी लोकांशी गप्पा मारायची सोय असेल तर ती बंद करावी. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम स्वतःच किमान १३ वर्षांची अट घालतात, हेही लक्षात असावे.

चौथे काम मोठ्यांनी स्वतःचे करायचे. व्हॉट्सॲपमध्ये आपला फोटो, स्टेटस कोणाला दिसावे आणि ग्रुपमध्ये आपल्याला कोणी घालावे, हे तिन्ही ‘माय कॉन्टॅक्ट्स’पुरते ठेवता येते. मुलाचा फोटो टाकायचाच असेल तर शाळेचे नाव, गणवेशावरचा बिल्ला, घराचा पत्ता त्यात नसावा. पूर्ण नावाऐवजी लाडाचे नाव पुरते. वर्तमानपत्राला फोटो देतानाही हाच विचार व्हावा आणि छापणाऱ्यांनीही करावा.

मूल गप्प झाले तर

एवढे करूनही चूक होऊ शकते. कुणी मुलाला घाणेरडा फोटो पाठवतो, कुणी त्याचा फोटो बदलून धमकावतो, खेळात ओळख झालेला ‘दादा’ भेटायला बोलावतो. अशा वेळी मूल सहसा सांगत नाही. गुन्हेगाराच्या भीतीइतकीच त्याला घरातल्या माराची आणि फोन काढून घेतला जाण्याची भीती असते. धमकावणारा याच गप्प बसण्याचा फायदा घेतो. म्हणून आधीच सांगून ठेवावे: “काहीही झालं तरी मला सांग, मी रागावणार नाही.” आणि ते पाळावे. संदेश रागाने पुसून टाकू नयेत. स्क्रीनशॉट ठेवावा, मग समोरच्याला ब्लॉक करावे. पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर तत्काळ फोन करावा. मूल संकटात असेल तर १०९८ ही मदतवाहिनी आहे. मुलांच्या अश्लील छायाचित्रांबाबत केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही तक्रार करता येते.

मुले मोठी होऊ लागली की आणखी एक तोल सांभाळावा लागतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश चोरून वाचणारे वडील तिला खासगीपणाचा आदर शिकवू शकत नाहीत. फोनवर कोणते नियम असतील, मोठे काय पाहतील, काय पाहणार नाहीत, हे बसून ठरवलेले बरे. दार वाजवायची रीत दोन्ही बाजूंनी पाळायची असते.

रोजा पाळणाऱ्याला कुणी राखणदार नसतो. बंद खोलीत पाणी प्यायले तरी कुणाला कळणार नाही, तरीही सात वर्षांचे मूल ते पीत नाही. ज्या मुलाकडून एवढ्या संयमाची अपेक्षा आपण करतो, त्याला त्याच्याच फोटोबद्दल विचारायला आपल्याला अडचण नसावी. यंदाच्या ईदला मेंदी लावलेले हात आणि नवे कपडे दाखवत लेकरू समोर उभे राहील. फोटो जरूर काढावा. तो गावभर पाठवण्याआधी त्याला विचारावे. “नको” म्हणाले तर तो फोटो घरच्या अल्बममध्ये ठेवावा.