भूमिगत वाहिन्यांचा नकाशा
दक्षिण कोरियातील देगू येथे २८ एप्रिल १९९५ रोजी खोदकामात वायुवाहिनी फुटली आणि स्फोटात शंभरावर माणसे दगावली. भारतात २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आले. खोदणारा आणि वाहिनीचा मालक यांची गाठ ते आधीच घालून देते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता जुने आराखडे व भूवेधी रडारची चित्रे ताडून नकाशावर वाहिनीची रेषा आखू शकते. ती रेषा मात्र अनुमानच होय. ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी शोषल्या जातात, आणि कित्येक आराखड्यांत खोलीची नोंदच नसते (नोंदींविषयीची आपली हेळसांड सर्वश्रुत आहे). म्हणून रेषेजवळ यंत्र थांबवून हाताने चर खणावा, आणि वाहिनी प्रत्यक्ष सापडेल तेथील जागा व खोली त्याच दिवशी नकाशात भरावी.